सीतेची वेणी, गुहागर: घरच्या लागवडीच्या प्रकल्प नोंदी

२० फेब्रुवारी २०२३

रोपवाटिकेतून मागवलेली सीतेच्या वेणीची, म्हणजे झाडांच्या सालीवर वाढणाऱ्या ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा या ऑर्किडची, तीन रोपे आज सकाळी पोहोचली. प्रवासात पाने किंचित मलूल झाली आहेत, परंतु मुळे टणक आहेत आणि शेंडे कोरडे व स्वच्छ आहेत. ऑर्किडच्या रोपात पानांपेक्षा मुळे आधी तपासावीत, कारण बोटांत दाबल्यावर पोकळ लागणारी मुळे असलेले रोप कितीही हिरवे दिसले तरी पुढे रखडते.

या कामाला हात घालण्यामागचे कारण सुरुवातीलाच लिहून ठेवते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या आणि रत्नागिरीच्या उत्तर किनाऱ्यावरची असंख्य जुनी झाडे उन्मळून पडली आणि त्यांच्या बेचक्यांत वर्षानुवर्षे वाढलेली ऑर्किडेही त्यांच्याबरोबर जळणात गेली. जी झाडे उभी राहिली, त्यांवरचीही पुष्कळ ऑर्किडे बांडगूळ समजून कोयत्याने उतरवली जातात. बांडगूळ झाडाच्या लाकडात शिरून त्याचा रस ओढते. सीतेची वेणी केवळ सालीला धरून राहते आणि पावसाचे पाणी, हवेतला ओलावा व सालीवर साठलेला पालापाचोळा यांवर जगते. फांदी तिला फक्त आधार देते. आपल्या हवेत मुळात वाढणारी ही वनस्पती आपल्या वाडीत परत रुजवता यावी, एवढाच या नोंदींचा उद्देश आहे.

नवशिक्याने कोकणात ऑर्किड लावायचे तर दुकानातल्या फॅलेनॉप्सिसपेक्षा हीच जात निवडावी, असे माझे मत आहे. फॅलेनॉप्सिसला फुलोरा धरण्यासाठी काही आठवडे सुमारे २५ अंशांच्या आतला गारवा लागतो आणि किनारपट्टीवर तो भरवशाने मिळत नाही. सीतेच्या वेणीला मात्र इथला उकाडा, इथली दमट हवा आणि इथला लांबलचक पावसाळा हेच घर आहे. आसाममध्ये हीच वनस्पती कोपौ फूल म्हणून ओळखली जाते, ती त्या राज्याचे राज्यपुष्प आहे आणि बिहूच्या नाचात मुली ती केसांत माळतात.

रोपे प्रयोगशाळेत बियांपासून तयार केलेली आहेत, याची खात्री करूनच मागवली. सर्व ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील कराराखाली नियंत्रित आहे आणि राखीव जंगलातून कोणतीही वनस्पती काढून आणणे भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी जंगलातून ओरबाडलेल्या रोपाची मुळे तुटलेली असतात आणि ते बहुधा जगत नाही.

५ मार्च २०२३

तिन्ही रोपे तीन निरनिराळ्या आधारांवर वाढवून पाहायची आहेत. एक सागवानी पट्ट्यांच्या टोपलीत लाकडी कोळशाचे आणि मंगलोरी कौलांचे मोठे तुकडे घालून ठेवले. दुसरे किंजळीच्या जुन्या वाशाच्या तुकड्यावर सुती पट्टीने बांधले. तिसरे परसातल्या फणसावर चढवायचे आहे, पण त्यासाठी पावसाळ्याची वाट पाहणे इष्ट असल्याने तूर्तास ते दुसऱ्या टोपलीत पडवीच्या पूर्वेकडच्या कडेला टांगले आहे. कोणत्याही टोपलीत माती घातलेली नाही. नारळाच्या सोडणाचे तुकडे इथे सहज मिळतात आणि उन्हाळ्यात उपयोगी पडतात, परंतु पावसाळ्यात ते स्पंजासारखे पाणी धरून ठेवतात आणि लवकर कुजतात, म्हणून त्यांचा वापर टाळला.

पाण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागला. आमची विहीर समुद्रापासून जवळ असल्यामुळे उन्हाळा चढत जातो तसे पाणी मचूळ होते. अशा पाण्यातले क्षार मुळांच्या टोकांवर पांढऱ्या थराने साचतात आणि कोवळी टोके काळी पडतात. सध्या पाणी चालण्याजोगे आहे. एप्रिलनंतर मात्र पिंपात साठवलेले पावसाचे पाणीच वापरायचे आहे. डासांसाठी पिंपाच्या तोंडावर दाट कापड बांधले आहे.

पाणी केव्हा द्यायचे, हे मूळच सांगते. ऑर्किडच्या मुळाभोवती मृत पेशींचे एक जाड आवरण असते. ते कोरडे असताना रुपेरी दिसते आणि पाणी शोषले की पारदर्शक होऊन आतला हिरवा थर दाखवते. हा हिरवा थर पानांप्रमाणेच प्रकाशात अन्न तयार करतो, म्हणूनच मुळे कुंडीत पुरून ठेवणे या वनस्पतीला मानवत नाही. मूळ पूर्ण रुपेरी झाले की भरपूर पाणी द्यावे, हिरवे असेपर्यंत थांबावे. आज झारीने पाणी घालताना पाहिले, तर पहिल्या धारेत पाणी मुळावरून नुसते ओघळून गेले. थोड्या वेळाने पुन्हा घातले तेव्हा रंग टोकापासून मागे सावकाश बदलत गेला. त्यामुळे एकदाच घाईने शिंपडण्याऐवजी काही मिनिटांच्या अंतराने दोन-तीनदा द्यायचे ठरवले आहे.

१२ मे २०२३

या आठवड्यात सूर्य माध्यान्ही जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. पडवीच्या कडेला हिवाळ्यात दक्षिणेकडून तिरपे ऊन आत येते. आता तिथे थेट ऊन पोहोचत नाही, पण वाशावरचे रोप अंगणात असल्यामुळे त्याच्यावर पन्नास टक्के सावलीची शेडनेट ओढली आहे. पानांचा रंग फिकट हिरवा राहिला तर प्रकाश योग्य समजावा. गडद हिरवी आणि लोंबती पाने अपुऱ्या उजेडाची, तर पिवळसर पाने जादा उन्हाची खूण होय. पाणी सकाळी लवकर देते आणि संध्याकाळी फक्त मुळांवर बारीक फवारा मारते, म्हणजे रात्री शेंड्यात पाणी साचून राहत नाही. खाऱ्या वाऱ्याने पानांवर बसलेला थर आठवड्यातून एकदा साठवलेल्या पाण्याने धुऊन काढते.

१८ जून २०२३

मोसमी पाऊस ११ तारखेला रत्नागिरीपर्यंत आला खरा, परंतु बिपरजॉय चक्रीवादळाने त्याची घडी विस्कटली आणि तो तिथेच अडखळला आहे. तरीही हवेत पुरेसा दमटपणा आल्यामुळे तिसऱ्या रोपाला नवी मुळे फुटू लागली आहेत. मुळांची टोके अर्ध्या बोटाएवढी, चकचकीत हिरवी आणि किंचित जांभळट आहेत. झाडावर बांधण्याची वेळ हीच, कारण वाढती टोके सालीला चिकटतात. वाढ थांबलेली जुनी मुळे नव्या आधाराला सहसा धरत नाहीत.

फणसाच्या मुख्य खोडावर, छातीच्या उंचीच्या थोडे वर, पूर्वेकडच्या बाजूला रोप बांधले. हापूसची कलमे मुद्दाम टाळली. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांसाठी आणि भुरीसाठी त्यांच्यावर वारंवार फवारण्या होतात, त्या ऑर्किडच्या कोवळ्या टोकांवर पडू नयेत. फणस बारमाही हिरवा असतो आणि त्याची साल खडबडीत असते. रायवळ आंबा, जुना चाफा किंवा जांभूळही चालेल. बांधताना रोप किंचित खाली झुकते ठेवले, म्हणजे पावसाचे पाणी पानांच्या बेचक्यात न थांबता निथळून जाते. रानात ही वनस्पती अशीच तिरपी लटकलेली दिसते. सुती पट्टी घट्ट आवळली. रोप वाऱ्याने हलत राहिले तर सालीला नुकतीच टेकलेली टोके घासली जाऊन वाढ थांबते.

शेजारच्या वाडीतले काका कुंपणापलीकडून पाहत होते. "अगो, धडधाकट फणसावर स्वतःच्या हाताने बांडगूळ चढवतेस?" असे त्यांनी विचारले. त्यांना जवळ बोलावून म्हटले, "काका, हात लावून बघा, याचं मूळ सालीच्या आत जातच नाही." त्यांनी एका मुळाखाली नख घालून पाहिले आणि त्यांच्या रायवळ आंब्यावर असेच काही असल्याचे, ते मागल्या वर्षी उतरवायचे राहून गेल्याचे सांगितले. संध्याकाळी जाऊन पाहिले. ती पांढरट मुळांची आणि अरुंद, खाचदार पानांची रास्ना निघाली, तीही ऑर्किडच. काकांनी ती ठेवायचे कबूल केले आहे.

२२ जुलै २०२३

पाऊस आता संततधार लागला आहे. या काळात पाणी घालण्याचा प्रश्नच येत नाही. आता सारे लक्ष वाऱ्यावर आहे. भिजणे या वनस्पतीला मानवते, भिजून कोंडून राहणे मानवत नाही. टोपली पागोळीच्या रेषेतून हात-दीड हात आत घेतली आणि तिच्याभोवतीची इतर झाडे हलवली.

सुपारीच्या वाडीत कोळेरोगासाठी, म्हणजे फळे कुजवून गाळणाऱ्या रोगासाठी, एक टक्का बोर्डो मिश्रणाची (मोरचूद आणि चुन्याच्या ताम्रयुक्त औषधाची) फवारणी होती, तेव्हा फणसावरचे रोप तेवढा वेळ प्लॅस्टिकने झाकून घेतले. कोळेरोग आणि ऑर्किडचा काळा कुजरोग एकाच वर्गातल्या, म्हणजे फायटोफ्थोरा वर्गातल्या, रोगकारकांमुळे होतात. सुपारीवर रोग दिसू लागला की ऑर्किडच्या शेंड्यांकडे रोज पाहावे, असा नेम मी केला आहे. ताम्रयुक्त औषधे ऑर्किडवर सरसकट मारू नयेत. डेंड्रोबियमसारख्या काही जातींना ती बाधतात, शिवाय कोवळ्या मुळांना चटका बसतो.

रात्री विजेरी घेऊन पाहिले असता वाशावरच्या रोपाच्या एका मुळाचे टोक गोगलगाय खात होती. शंखाचा आकार वाटाण्याएवढा, पण एका रात्रीत तिने हिरवे टोक पार कुरतडून टाकले होते. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट वाशाच्या बुंध्याशी पसरून ठेवले, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून काढल्या. खाल्लेले टोक पुन्हा वाढत नाही; मात्र मागच्या भागातून फाटा फुटू शकतो.

२९ ऑगस्ट २०२३

ऑगस्टमध्ये पावसाने अशी दीर्घ ओढ दिली आहे की ऐन श्रावणात झारी पुन्हा हाती घ्यावी लागली. फणसावरच्या रोपाची नवी मुळे दुपारपर्यंत रुपेरी होत आहेत. पंचांगातले नक्षत्र पाहून पाणी थांबवले असते तर याच मुळांची वाढ खुंटली असती, कारण जून ते सप्टेंबर हाच त्यांचा धावण्याचा काळ आहे. उघडिपीचा फायदा घेऊन १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेले) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा, आधी साधे पाणी देऊन मग, मुळांवर फवारले. कोरड्या मुळांवर खत टाकू नये.

४ नोव्हेंबर २०२३

फणसावरच्या रोपाची चार मुळे सालीला पक्की धरून बसली आहेत. सर्वांत लांब मूळ २३ सेंटीमीटर वाढले आहे आणि खोडाच्या भेगेतून वळसा घेत गेले आहे. टोपलीतल्या रोपाची मुळे पट्ट्यांमधून बाहेर येऊन हवेत लोंबत आहेत. वाशावरचे रोप यांत मागे आहे, कारण किंजळीचे लाकूड गुळगुळीत आणि लवकर वाळणारे आहे. त्याच्या मुळांखाली शेवाळाचा पातळ थर सुंभाने बांधला.

पावसाळ्यात ढगांच्या सावलीत वाढलेली कोवळी पाने ऑक्टोबरच्या उन्हात भाजतात. म्हणून शेडनेट हस्त नक्षत्र संपण्याच्या आधीच पुन्हा ओढली होती. एकाही पानावर डाग नाही.

१४ जानेवारी २०२४

रोपे विश्रांतीत आहेत. मुळांची हिरवी टोके आखडून रुपेरी आवरणाने झाकली गेली. पाणी एक दिवसाआड, खत पूर्ण बंद. पहाटेच्या मतलई वाऱ्याने हवा कोरडी होते, त्यामुळे फक्त वाशावरच्या रोपाला रोज फवारा.

१९ जुलै २०२४

टोपलीतल्या रोपाच्या बुंध्याकडच्या एका पानावर पाणी भरल्यासारखा काळपट डाग दिसला. सकाळी तो वाटाण्याएवढा होता आणि संध्याकाळपर्यंत पानाच्या देठाशी पोहोचला होता. चार दिवस पश्चिमेचा पाऊस पडवीत थेट आत येत होता आणि ऊन मुळीच नव्हते. काळ्या कुजेत वेळ दवडता येत नाही, कारण ती देठातून खोडात उतरली की शेंडा जातो, आणि या वनस्पतीला एकच शेंडा असतो. तिच्यात डेंड्रोबियमसारखे नवे कोंब पुढे येत राहत नाहीत.

पाते ज्योतीवर धरून निर्जंतुक केले, डागाच्या बरेच खाली निरोगी भागात कापले आणि कापलेल्या जागी दालचिनीची बारीक पूड दाबून लावली. ही पूड जखम सुकवते, म्हणून ती मुळांवर पडू देऊ नये, नाहीतर मुळेही सुकतात. उरलेल्या रोपावर मँकोझेब हे बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम प्रमाणात फवारले. टोपली माजघराच्या खिडकीत आणून टेबलफॅनच्या हलक्या वाऱ्यात ठेवली आणि मुळे रुपेरी होईपर्यंत पाण्याचा थेंब लागू दिला नाही.

२७ जुलै २०२४

कापलेली जागा कोरडी, तपकिरी आणि कठीण झाली आहे, डाग पुढे सरकलेला नाही. त्याच पावसात, त्याच वाऱ्यात फणसावरचे रोप अहोरात्र भिजत राहिले आणि त्याला काहीही झाले नाही. तिरपे लटकलेले खोड आणि भोवताली मोकळी हवा यांचा फरक इथे स्पष्ट दिसतो. पडवीत ठेवलेले रोप सुरक्षित आणि झाडावरचे उघड्यावर असे आपण समजतो. कोकणच्या पावसाळ्यात प्रत्यक्षात उलटे घडते. पडवीतच वाढवणे भाग असेल त्यांनी टोपलीतसुद्धा रोप तिरपे लावावे. आज तसे केले.

६ एप्रिल २०२५

फणसावरच्या रोपाच्या खालून तिसऱ्या पानाच्या बगलेतून एक उंचवटा बाहेर येत आहे. मूळ की फुलोरा, हा प्रश्न या टप्प्यावर नवशिक्याला हमखास पडतो. मुळाचे टोक गोल, गुळगुळीत आणि चकचकीत असते आणि ते पानाचा तळ फोडून येते. इथे दिसणारे टोक थोडे चपटे आहे आणि त्यावर एकमेकांवर चढलेले बारीक खवले आहेत. हा फुलोराच आहे. टोपलीतल्या रोपालाही तशीच, पण बारीक हालचाल दिसते. वाशावरच्या रोपाला काहीच नाही.

फुलोरा दिसल्यापासून रोप फिरवू नये, कारण दांडी प्रकाशाच्या आणि भाराच्या दिशेने आपली वाट ठरवते आणि मध्येच दिशा बदलली की कळ्या वेड्यावाकड्या बसतात. टोपलीच्या आकड्याला तारेची गाठ मारून ती पक्की केली.

२७ मे २०२५

यंदा मोसमी पाऊस २५ मे रोजी तळकोकणात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला, इतका लवकर की वाडीतली बेगमीची कामेही आटोपलेली नाहीत. फुलांच्या दृष्टीने ही वेळ अडचणीची होती, कारण फणसावरचा फुलोरा निम्मा उमलला होता. सतत भिजणाऱ्या पाकळ्यांवर बुरशीचे तपकिरी ठिपके पडतात. रोप झाडाला धरलेले असल्यामुळे हलवता येईना, म्हणून माडाच्या दोन झापांचे छोटे छप्पर त्याच्या हातभर वर, वाऱ्याला वाट ठेवून बांधले.

फुलोरा ३१ सेंटीमीटर लांब आहे. फुले देठाकडून टोकाकडे उमलत जात आहेत. प्रत्येक फूल दोन सेंटीमीटरच्या आसपास, पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके आणि ओठ, म्हणजे पुढे आलेली वेगळ्या आकाराची पाकळी, मात्र सलग जांभळा. फुले दांडीभोवती इतकी दाट बसली आहेत की दांडी दिसतच नाही. मंद वास आहे, तो पाऊस थांबल्यावरच जाणवतो. वाडीतून जाणारा-येणारा प्रत्येकजण थांबून पाहत आहे आणि काकांनी शाळेतल्या मुलांना मुद्दाम बोलावून दाखवले, याचे मला फार समाधान वाटते.

टोपलीतल्या रोपाचा फुलोरा लहान आहे. गेल्या वर्षी पान गमावल्यामुळे त्याची ताकद कमी असणे स्वाभाविक आहे.

१५ जून २०२५

फणसावरची बहुतेक फुले गळाली. दोन फुलांमागे देठ जाड होऊन हिरवे बोंड धरत आहे, म्हणजे एखाद्या कीटकाने परागपिंड (परागकणांचे गोळे) नेऊन बसवले असणार. ऑर्किडच्या बोंडात धुळीसारख्या हजारो बिया असतात, पण त्यांत साठवलेले अन्न नसते. रुजण्यासाठी त्यांना विशिष्ट बुरशीची साथ लागते, हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवून दिले. १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ ल्युइस नडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर बुरशीशिवाय बिया रुजवल्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळेतील रोपे शक्य झाली. माझी तीन रोपे त्याच मार्गाने आलेली आहेत.

बोंड पोसण्यात रोपाची बरीच शक्ती खर्च होते. म्हणून टोपलीतल्या रोपाची फुलोऱ्याची दांडी बुडाशी कापून टाकली. फणसावरच्या रोपाचे एक बोंड काढले आणि एक ठेवले. ते पिकायला काही महिने लागतील. उघडल्यावर बिया वाऱ्याने याच वाडीतल्या सालींवर पडतील. जुन्या झाडांच्या सालीत लागणारी बुरशी असण्याची शक्यता अधिक असल्याने फणसाच्या आणि शेजारच्या रायवळ आंब्याच्या सालीवरचे शेवाळ खरवडू नये, असे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.

६ जुलै २०२५

नवी मुळे तिन्ही रोपांना फुटली आहेत. वाशावरचे रोप त्या आधारावर पुरेसे वाढत नसल्याचे दोन पावसाळ्यांत सिद्ध झाले, म्हणून आज सुती पट्टी कापून ते वाशाच्या तुकड्यासकट काकांच्या रायवळ आंब्याच्या पहिल्या बेचक्याखाली, पूर्वेकडे, खाली झुकते बांधले. वाशापासून मुळे सोडवण्याचा प्रयत्न केला नाही, कारण चिकटलेले मूळ ओढले की आवरण सोलून निघते; लाकूड कुजेपर्यंत मुळे सालीवर गेलेली असतील. फणसावरच्या रोपाची जुनी पट्टी काढून टाकली, आता तिची गरज नाही. खत उघडीप मिळेल त्या आठवड्यात, पूर्वीच्याच प्रमाणात. पुढची मोजणी पाऊस ओसरल्यावर, नोव्हेंबरमध्ये.